आयडलला ठीक, रेस दिली की तापतंय? हेड उतरवायच्या आधी पाण्याचा रस्ता बघा

तुमची बोट नवी मुंबईतल्या दिवाळे गावाला, इनबोर्ड तीन सिलिंडर इंजिन, हीट एक्स्चेंजरवालं, म्हणजे इंजिनात फिरणारं गोडं पाणी वेगळं आणि त्याला थंड करणारं खाडीचं पाणी वेगळं. नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात उतरवली तेव्हापासून तापतंय. आयडलला काटा ७८ वर, १८०० आरपीएमपर्यंत तसाच, २४०० ला टाकलं की पंधरा-वीस मिनिटांत ९८ आणि अलार्म, रेस कमी केली की परत खाली. इम्पेलर (पंपातलं रबरी पात्यांचं चाक) बदलला, थर्मोस्टॅट (तापमानाप्रमाणे उघडणारा व्हॉल्व्ह) बदलला, टाकीतलं गोडं पाणी कमी होत नाही, आणि आता फिटर म्हणतोय हेड गास्केट, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाखालचं सील, गेलंय. दादा, हेडला अजून पाना लावू देऊ नका. तुम्ही जे सांगितलंय त्यातून हेडकडे बोट दाखवणारं फारसं काही दिसत नाही, उलट तुम्ही सहज जाता जाता दोन गोष्टी लिहिल्यात त्या मला जास्त खटकल्या. एक, जुना इम्पेलर काढला तेव्हा त्याची दोन पाती गायब होती. दोन, पूर्वी फुल रेसला २८०० मिळायचे, आता २५०० च्या वर जात नाही आणि थोडा काळा धूर आहे.

ती दोन पाती गेली कुठे? खाडीत नाही गेली. पंपातून पुढे पाण्याबरोबर वाहत गेली आणि पुढे जिथे वाट अरुंद होते तिथे अडकून बसली. बहुतेक वेळा ती हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी सापडतात, मधे ऑइल कूलर किंवा गिअरबॉक्स कूलर असेल तर त्याच्या तोंडाशी, नाहीतर एकदम पुढे एक्झॉस्टच्या बेंडमध्ये जिथे पाणी शिरतं त्या भोकात. नवा इम्पेलर टाकून पंप चांगला झाला पण समोर बूच तसंच आहे. इम्पेलर बदलताना जुन्याची पाती मोजायची आणि जेवढी कमी तेवढी शोधून काढायची, त्याशिवाय काम झालं असं म्हणायचं नाही, आणि हे करायला बरेच फिटर कंटाळतात कारण इम्पेलर दहा मिनिटांत निघतो आणि कूलर (म्हणजे हीट एक्स्चेंजरच) उघडायला अर्धा दिवस जातो.

आता आयडलला ठीक आणि २४०० लाच का तापतं हे समजून घ्या, मग बाकी तपासणी आपोआप सुचेल. बोटीचा पंखा (प्रोपेलर) फिरवायला लागणारी ताकद आरपीएमच्या घनाने वाढते. १८०० वरून २४०० म्हणजे फेरे फक्त एक-तृतीयांशाने वाढले पण ताकद लागते जवळजवळ सव्वादोन-अडीच पट. डिझेल तेवढं जास्त जळतं, आणि जळलेल्या डिझेलमधली ढोबळमानाने एक-तृतीयांश उष्णता पंख्याला मिळते, एक-तृतीयांश धुरातून जाते आणि एक-तृतीयांश तुमच्या कूलिंगच्या पाण्याला न्यावी लागते. पण खाडीचं पाणी ओढणारा पंप इंजिनाबरोबरच फिरतो, तो फार तर फेऱ्यांच्या प्रमाणात वाढणार, म्हणजे पाणी एक-तृतीयांशाने जास्त आणि उष्णता दुपटीहून जास्त. नवीन इंजिनात कंपनीने कूलिंगची शिल्लक ठेवलेली असते, म्हणून वाट अर्धी चोकअप झाली तरी आयडलला काही कळत नाही, थर्मोस्टॅट सांभाळून घेतो. रेस दिली की शिल्लक संपते आणि काटा चढतो. हळूहळू चढणारा आणि रेस कमी केली की उतरणारा काटा म्हणजे शंभरातल्या बहुतेक वेळी पाण्याची वाट तुंबलेली, नाहीतर इंजिनावर लोड जास्त. तुमच्याकडे मला दोन्ही वाटतंय.

सगळ्यात आधी काटा खरा बोलतोय का ते बघा. लेझरवाली टेंपरेचर गन स्वस्तात मिळते, ती घ्या, पुढेही लागणार आहे. थर्मोस्टॅटच्या घरावर सेन्सरच्या बाजूला मारा. चकचकीत पितळ किंवा स्टेनलेसवर गन चुकीचं दाखवते, म्हणून तिथे काळी टेप लावा किंवा काळा रंग मारा आणि त्यावर मारा. गन आणि काटा यांच्यात दहा-पंधरा डिग्रीचा फरक निघाला तर आधी सेन्सर आणि त्याची अर्थिंग, बाकी सगळं नंतर.

मग पाण्याच्या वाटेने खालून वर या. आपल्याकडे सुरुवात नेहमी सीकॉकपासून (बोटीच्या तळाला खाडीचं पाणी आत घेणारा कॉक) करायची आणि याचं कारण आपली खाडी. ठाणे खाडीत सुकतीला काय उघडं पडतं ते तुम्हाला मी सांगायला नको, ज्या गाळावर फ्लेमिंगो जगतात आणि ज्याच्यामुळे या खाडीला २०२२ मध्ये पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला तोच गाळ आपल्या कूलरमध्ये जाऊन बसतो. बोट सुकतीला चिखलात टेकली की खालच्या इनलेटमध्ये चिखल दाबून भरतो, वरून भरतीबरोबर येणाऱ्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, जाळ्याचे तुकडे. त्यामुळे: सीकॉक बंद करा, होज काढा, हातात लाकडी बूच तयार ठेवा आणि सीकॉक उघडा. पाणी जोरात उसळून आलं पाहिजे. नुसतं ओघळत असेल तर आतून काठी घालून मोकळं करा, आणि तेवढ्यावर समाधान मानू नका, पुढच्या मोठ्या सुकतीला बाहेरून इनलेटच्या जाळीवरची कालवं-शिंपले खरवडून घ्या, कारण आतून ढकललेला कचरा जाळीशीच थांबतो आणि निघताना परत ओढला जातो.

पुढे स्ट्रेनर, म्हणजे कचरा अडवणारी गाळणी, तिचं झाकण आणि त्याची रबर रिंग. इथून पाणी बाहेर येत नाही म्हणून लोक म्हणतात गळत नाही, पण ही ओढणारी बाजू आहे, इथे पाणी गळत नाही, हवा आत जाते. स्ट्रेनर पारदर्शक असेल तर इंजिन चालू असताना आत बुडबुडे दिसतात का बघा. रिंग कडक झाली असेल तर बदला, थोडं सिलिकॉन ग्रीस लावा.

सीकॉक ते पंप हा होज कुठला आहे? बागेतला पाइप किंवा साधा रेडिएटर होज लावला असेल तर जास्त रेसला पंप ओढायला लागला की तो आतल्या आत चपटा होतो, आणि तुम्ही इंजिन कमी करून बघायला गेलात की परत गोल. एकाने रेस द्यायची आणि दुसऱ्याने होजकडे बघायचं, तेव्हाच सापडतं. तार असलेला सक्शन होजच पाहिजे, मुंबईत नागदेवीच्या बाजारात मापात कापून मिळतो. जुन्या होजचा आतला थर सुटून पडद्यासारखा लोंबतो, तो बाहेरून अजिबात दिसत नाही, म्हणून दोन्ही टोकं काढून आत टॉर्च मारा.

पंप. इम्पेलर नवीन आहे ठीक, पण कव्हर प्लेट बघितली का? इम्पेलरने तिच्यावर गोल चर पाडलेली असते, नखाला लागली तरी पंपाची ओढ कमी होते. प्लेट दोन्ही बाजूंनी सपाट असेल तर उलटी करून लावा, नाहीतर नवी मुंबईत रबाळ्याला लेथवाल्याकडून घासून घ्या किंवा नवीन. आत जो चंद्रकोरीसारखा कॅम असतो तोही झिजतो. आणि इम्पेलर कंपनीचा आहे का बाजारातला जोड? जोडवाल्यात पात्यांची रुंदी केसभर कमी असते किंवा रबर कडक असतं, आयडलला पाणी मारतो आणि रेसला मागे पडतो. बसवताना ग्रीस नाही लावायचं, लिक्विड साबण किंवा ग्लिसरीन. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै बंदीमध्ये बोट वर असते तेव्हा इम्पेलर पंपातून काढूनच ठेवावा, नाहीतर दोन महिने पाती एका बाजूला दुमडलेली राहतात आणि पहिल्या स्टार्टला कोरड्यात फिरून तुटतात. तुमचं तेच झालंय असं मला वाटतं.

आता मुख्य काम. बोट जेट्टीला बांधा, इंजिन आयडलवर गरम होऊ द्या आणि एक्झॉस्टमधून येणारं पाणी बादलीत धरा, वीस सेकंद धरून तिप्पट करा म्हणजे मिनिटाला किती लिटर ते कळेल. तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर त्याच्याशी जुळवा, नसला तरी लिहून ठेवा, कूलर साफ केल्यावर परत मोजा. मग इंजिन बंद करून पंपाचा पुढचा होज काढून बादलीत सोडा आणि अर्धा मिनिट आयडलवर चालवा. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नको, तेवढ्या वेळात एक्झॉस्टमध्ये पाणी जात नसतं आणि रबरी एक्झॉस्ट होज जळू शकतो. पंपाच्या तोंडाशी भरपूर आणि शेवटी कमी, म्हणजे मधे बूच आहे. पंपाशीच कमी, म्हणजे दोष मागे, सक्शनला किंवा पंपात. याच पद्धतीने कूलरनंतरचा होज काढून बघितलं की कूलर चोकअप की बेंड चोकअप तेही कळतं.

गनने अजून एक वाचन घ्या, हे रेसवर घ्यायचं, बोट चालू असताना. कूलरमध्ये शिरणारं खाडीचं पाणी तिशीच्या आसपास असेल, बाहेर पडणारं किती? बाहेर पडणारं पंचावन्नच्या वर असेल तर पाणी कमी पडतंय, आणि तेवढ्या तापमानाला खाडीच्या पाण्यातले क्षार कूलरच्या नळ्यांत बसायला लागतात म्हणजे दुखणं स्वतःच वाढतं. उलट इंजिनाचं पाणी ९५ आणि खाडीचं पाणी कूलरमधून जवळजवळ तसंच थंड बाहेर येतंय, तर पाणी भरपूर आहे पण उष्णता त्याला मिळतच नाही, म्हणजे नळ्यांवर आतून-बाहेरून थर आहे किंवा गोड्या पाण्याची फेरी नीट होत नाही. बेंडच्या पुढचा रबरी होज हाताने धरता आला पाहिजे. हात भाजत असेल तर तिथे पाणी पोचत नाहीये.

कूलर उघडताना दोन्ही बाजूची झाकणं काढा. तुमची पाती पहिल्या बाजूला दिसतील अशी माझी पैज, सोबत झिंकच्या पेन्सिलीचे (कूलरऐवजी स्वतः झिजणारी कांडी) तुटलेले तुकडे, आणि नळ्यांमध्ये चिखल वाळून सिमेंट झालेला. नळ्या कॉपर-निकेलच्या असतात, त्यात लोखंडी सळई ठोकू नका, लाकडी किंवा पितळी काडी चालवा. ॲसिडबद्दल सांगतो कारण तुम्हाला कोणीतरी सांगणारच आहे की बाथरूमचं ॲसिड ओता आणि मोकळं व्हा. कूलरची बॉडी ॲल्युमिनियमची असेल तर ते ॲसिड बॉडी खाऊन टाकेल. बॉडीतून नळ्यांचा गठ्ठा बाहेर निघत असेल तर तेवढाच काढून फॉस्फोरिक ॲसिडवाल्या डिस्केलरमध्ये ठेवा, झिंक आधी काढा, नेहमी पाण्यात ॲसिड घाला, ॲसिडमध्ये पाणी नाही, उघड्या हवेत करा, हातमोजे-चष्मा घाला, आणि बुडबुडे थांबले की बाहेर काढून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. वापरलेलं पाणी खाडीत ओतायच्या आधी त्यातही सोडा टाका, तिथेच आपण मासे पकडतो. नंतर रेडिएटरवाल्याकडे प्रेशर टेस्ट कराच, कारण कधीकधी नळीला पडलेलं भोक चिखलानेच बुजलेलं असतं आणि साफ केलं की उघडं पडतं, मग खाडीचं पाणी गोड्या पाण्यात शिरतं. ओ-रिंग नवीन, झिंक नवीन. झिंक अर्धी झिजली की बदलायची, संपेपर्यंत थांबायचं नाही.

बेंड. तुमचे आरपीएम कमी झालेत आणि काळा धूर आहे म्हणून याच्याकडे खास लक्ष द्या. गरम धूर आणि खारं पाणी जिथे भेटतात तिथे काजळी आणि गंज यांचा दगड होतो, पाण्याचं भोकही बुजतं आणि धुराची वाटही. धूर अडला की इंजिनाला श्वास मिळत नाही, डिझेल अर्धवट जळतं, धूर काळा, ताकद कमी, ताप जास्त. बेंड काढून आत बघा, वाट निम्म्यावर आली असेल तर ठोकून-खरवडून वेळ मारून नेऊ नका, बदला. मुंबईत दारूखान्याच्या भंगारबाजारात जुना मिळेल पण जुन्यात जुनं दुखणं येतं. लेथवाल्याकडून बनवून घ्यायचा तर ३१६ स्टेनलेसमध्येच, आणि पाणी शिरायची नळी खालच्या दिशेला तिरकी असली पाहिजे, बंद इंजिनात पाणी उलटं सिलिंडरकडे वाहता कामा नये. जुना बेंड नमुना म्हणून सोबत न्या.

बेंड साफ निघाला आणि तरीही २५०० च्या वर जात नसेल तर पंख्याकडे या. दोन महिने कोरड्यावर असलेल्या बोटीच्या पंख्यावर आणि तळावर वाळलेल्या कालवांचा थर तसाच राहतो आणि पाण्यात आली की वर नवीन बसतात, किंवा शाफ्टला जाळं गुंडाळलेलं असतं. उधाणाच्या सुकतीला बोट टेकली की स्वतः खाली जाऊन हात फिरवून बघा. मधे कोणी पंखा बदलला असेल, मोठा किंवा जास्त पिचचा, तर तेही कारण असू शकतं. फुल रेसला इंजिनाने कंपनीने दिलेले आरपीएम गाठले पाहिजेत, नाही गाठले तर ते ओझ्याखाली आहे आणि कूलर कितीही स्वच्छ केला तरी तापणार.

गोड्या पाण्याच्या बाजूला बघण्यासारखं थोडंच आहे. पट्टा ढिला असेल तर गोडं पाणी फिरवणारा पंप रेसला मागे पडतो, अंगठ्याने दाबला की साधारण एक सेंटिमीटर दबावा. टाकीचं झाकण स्वस्तातली वस्तू आहे पण प्रेशर कुकरच्या शिटीसारखं तेच दाब धरतं, ०.९ बारचं झाकण नीट असेल तर आतलं पाणी ११५ च्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही, रबर गेलेलं झाकण असेल तर शंभरालाच उकळायला लागतं. थर्मोस्टॅट बदलताना पाणी काढलं होतं ना? मग हवा अडकली असेल, ब्लीड स्क्रू उघडून, इंजिन आयडलवर ठेवून, हळूहळू भरा. कूलंट अर्धं आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं, नळाचं पाणी नको. नवा थर्मोस्टॅट पण भांड्यात थर्मामीटरसोबत उकळून बघा, त्यावर छापलेल्या तापमानाला उघडायला लागतो का, नवीन म्हणून चांगला असतोच असं नाही. आणि खाऱ्या पाण्यावर थेट चालणाऱ्या इंजिनाचा, साठ डिग्रीच्या आतला थर्मोस्टॅट कोणी तुमच्या इंजिनात टाकला नाही ना तेही बघून घ्या, तो टाकला तर काटा आयडलला खाली दिसतो आणि खरं दुखणं झाकलं जातं.

तोपर्यंत मासेमारीला जाणारच असाल तर १८०० च्या वर नेऊ नका, आणि अलार्म वाजला तर लगेच रेस कमी, न्यूट्रल, एक्झॉस्टकडे नजर. पाणी येतंय तर दोन मिनिटं आयडलला चालू द्या, उष्णता सारखी होऊन काटा उतरतो. पाणी येत नाही तर ताबडतोब बंद, आणि आधी नांगर टाका, वाशीच्या पुलांच्या खांबांमध्ये ओढ काय असते माहीत आहे तुम्हाला. गरम टाकीचं झाकण उघडायचं नाही, गरम हेडवर बादली मारायची नाही, हेडला तडा जायला तेवढं पुरतं. आणि मग परत स्टार्ट होत नसेल म्हणून स्टार्टर मारत बसू नका, प्रत्येक प्रयत्नात पंप पाणी पुढे ढकलतो आणि धुराचा जोर नसल्यामुळे ते सायलेन्सरमध्ये साचून उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. सीकॉक बंद करून स्टार्टर मारा, लागलं की लगेच उघडा.

हेड गास्केटची खात्री करायची तर ती पण हेड न उतरवता होते. सकाळी एकदम थंड इंजिन, टाकीचं झाकण काढा, स्टार्ट करा. थोडे बुडबुडे सुरुवातीला हवेचे असतात, पण थांबतच नाहीत, रेस दिली की वाढतात, किंवा झाकण लावून सुरू केलं आणि पाणी गरम व्हायच्या आधीच वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय. ऑइलच्या काडीवर दुधाळ रंग, गोडं पाणी रोज कमी होणं, गरम झाल्यावरही पांढरी वाफ न जाणं, ही पण त्याचीच लक्षणं. गॅरेजवाल्यांकडे निळ्या पाण्याचा टेस्टर असतो, टाकीच्या तोंडावर धरायचा, निळ्याचा हिरवा किंवा पिवळा झाला तर सिलिंडरचा गॅस पाण्यात येतोय. यातलं एकही नसेल तर फिटरला सांगा आधी कूलर आणि बेंड उघड, मग बोलू.

आणि निघालंच गास्केट, कारण बरेचदा तापवून तापवून शेवटी ते जातं, तर नुसतं गास्केट बदलून हेड परत बसवू नका. हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने वाक बघा, मॅन्युअलमधल्या मर्यादेबाहेर असेल तरच प्लेनिंग करा, आणि किती कापलं ते लेथवाल्याकडून लिहून घ्या, कारण डिझेलमध्ये पिस्टन आणि व्हॉल्व्हमधली जागा इतकी कमी असते की जाड गास्केट लागेल की नाही ते त्या आकड्यावरच ठरतं. बोल्ट टॉर्क रेंचनेच, मॅन्युअलच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने.